ऊन पाण्याचा जमाखर्च

दख्खनच्या पठारावरील हिवाळ्यात एकाच अहोरात्रात दोन ऋतू नांदतात. मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे पारा दहाबारा अंशांपर्यंत उतरतो, निफाडच्या द्राक्षमळ्यांत तर एखाद्या कडाक्याच्या रात्री तो गोठणबिंदूच्या आसपास येऊन ठेपतो आणि घड वाचविण्यासाठी शेतकऱ्याला बांधावर शेकोट्या पेटवून बाग धुराने भरावी लागते. आणि त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास पुण्याच्या रस्त्याने चालणारा मनुष्य सावलीची बाजू धरून चालत असतो, कारण तोपर्यंत उष्णतामान अठ्ठावीस-तीस अंशांवर पोहोचलेले असते. युरोपच्या उत्तर भागात अथवा हिमालयाच्या कुशीत जेथे दिवसही रात्रीइतकाच गारठलेला असतो, तेथे घरातील हवा उबदार राखणे ही गृहस्थाच्या हिवाळी खर्चाची सर्वांत मोठी बाब ठरते. आपल्या मुलुखात ती हवा सूर्य रोज दुपारी विनामूल्य तापवून देतो, आणि खर्चाचा मुख्य भार येऊन पडतो तो सकाळच्या स्नानाच्या पाण्यावर. या पाण्याचा हिशेब ज्याला नीट मांडता येईल, त्याला हिवाळ्यातील विजेचे देयक बव्हंशी कळले असे म्हणण्यास हरकत नाही. म्हणून प्रस्तुत प्रकरणात इतर बाबींना थोडक्यात स्पर्श करून पाण्याचा विचार मात्र विस्ताराने करावयाचा आहे.

उष्णता स्वीकारण्याच्या बाबतीत पाण्याइतकी भूक फार थोड्या पदार्थांना असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे अध्यापन करणाऱ्या जोसेफ ब्लॅकने निरनिराळ्या पदार्थांची ही भूक मोजण्याची रीत घालून दिली, आणि तिच्या आधारे आज आपण असे म्हणू शकतो की विशिष्ट वजनाचे लोखंड काही अंशांनी तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे नऊपट उष्णता तितक्याच वजनाचे पाणी तितकेच अंश तापविण्यास लागते. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यासाठी एक किलोकॅलरी मोजावी लागते, आणि आपण ज्याला विजेचे एक युनिट म्हणतो त्यात ८६० किलोकॅलरी सामावलेल्या असतात. एवढे दोन आकडे ध्यानात ठेवले की पुढचा सर्व हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो. डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरील टाकीतून आलेले पाणी समजा १८ अंशांचे आहे आणि स्नानाला सोसेल व सुखद वाटेल असे पाणी ४० अंशांचे. तर २० लिटरच्या बादलीला २२ अंशांची वाढ द्यावी लागते, म्हणजे ४४० किलोकॅलरी, म्हणजेच अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज. वैशाखात तेच पाणी ३० अंशांवर नळातून येते, म्हणून त्याला दहाच अंशांची जोड लागते आणि पाव युनिटापेक्षाही कमी विजेत काम होते. चार माणसांच्या घरात दररोज एकेक बादली धरली, तरी हिवाळ्यात महिन्याकाठी साठएक युनिटे केवळ या चार बादल्यांत जातात, आणि वाटेत जी उष्णता वाया जाते तिचा यात समावेश नाही.

येथे एका समजुतीचे निरसन आवश्यक आहे. कमी विजेत अधिक पाणी तापवून देणारी कांडी अथवा गीझर आपल्यापाशी आहे, असा दावा करणारे विक्रेते बाजारात दरसाल आढळतात. तारेतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहापासून किती उष्णता निर्माण होते याचा नियम मँचेस्टरच्या जेम्स जूलने १८४१ साली प्रसिद्ध केला. त्या नियमाप्रमाणे पाण्यात बुडालेल्या तापक तारेत जेवढी वीज शिरते तेवढी सगळीच्या सगळी उष्णतारूपाने पाण्यात उतरते, मग ती कांडी स्वस्त असो वा महाग. तेव्हा १००० वॉटची कांडी एक बादली तापविण्यास अर्धा तास घेईल आणि ३००० वॉटचा गीझर दहा मिनिटे घेईल, परंतु युनिटे दोघांचीही सारखीच पडतील. विजेच्या तारेशी सौदा करून काही सुटत नाही. जे सुटते ते पाणी किती, ते मुळात किती थंड, तापल्यावर ते किती वेळ साठविले आणि उष्णता कोठून आणली, या बाबींत सुटते.

यांपैकी दुसऱ्या बाबीकडे, म्हणजे पाण्याच्या मूळ तापमानाकडे, आपल्या घरांतून जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही, आणि मला तर तीच सर्वांत विचारार्ह वाटते. खेड्यातल्या ज्या माणसाने हिवाळ्यात पहाटे विहिरीवर स्नान केले आहे त्याला ठाऊक असते की पोहऱ्यातून वर आलेले पाणी अंगाला कोमट लागते व त्यावर वाफही दिसते. याचे कारण असे की सूर्याने दिवसा तापविलेली व रात्रीने निवविलेली जमीन फार तर हातदोन हात खोलीपर्यंतच त्या चढउतारांचा अनुभव घेते. त्याखाली दिवस आणि रात्र यांतील तफावत नाहीशी होते, आणि आणखी काही मीटर खाली गेल्यावर उन्हाळा व हिवाळा यांतील तफावतही मंदावत जाऊन त्या स्थळाचे वार्षिक सरासरी तापमान तेवढे शिल्लक राहते. दख्खनवर हे तापमान २५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे विहीर, कूपनलिका आणि काही प्रमाणात जमिनीखालून आलेली नगरपालिकेची मोठी नळवाहिनी व इमारतीच्या तळाचा हौद या सर्वांत हिवाळ्याच्या पहाटे जे पाणी असते ते आयतेच पाचसात अंशांनी अधिक उबदार असते. आपण मात्र करतो काय, तर आदल्या सायंकाळी पंप लावून ते पाणी गच्चीवरील टाकीत चढवितो, निरभ्र आकाशाखाली रात्रभर ते उघड्यावर निवू देतो, आणि सकाळी त्याच पाण्याला विजेने तापवून गमावलेली उष्णता विकत घेतो. हेच पाणी पहाटे, स्नानाची वेळ होण्याच्या सुमारास वर चढविले आणि २५ नाही तरी २३-२४ अंशांनी ते न्हाणीघरात आले, तर २२ अंशांची वाढ १६-१७ अंशांवर येते व चौथा हिस्सा खर्च कोणतेही नवे यंत्र न घेता वाचतो. एक हजार लिटर पाणी पंधरा मीटर उंचीवर चढविण्यास, पंपातील सारी गळती जमेस धरूनही, युनिटाच्या सातव्या हिश्श्याच्या आतबाहेर वीज पुरते. उलट तेवढेच पाणी अवघ्या एका अंशाने तापविण्यास सव्वा युनिटाजवळ लागते. पंप पहाटे लावला काय आणि सायंकाळी लावला काय, पंपाचा खर्च एकच. फरक पडतो तो टाकीतील पाण्याच्या तापमानात. प्रत्येक इमारतीची रचना वेगळी असल्याने एक साधा तापमापक घेऊन हौदातले, टाकीतले व नळातले पाणी सकाळी एकदा मोजून पाहावे आणि मग रखवालदाराला पंपाची वेळ नेमून द्यावी, हे उत्तम.

आपल्या पूर्वजांना कॅलरीचा हिशेब ठाऊक नव्हता, परंतु इंधन डोक्यावरून वाहून आणावे लागत असल्यामुळे उष्णता वाया जाऊ न देण्याची कळकळ त्यांच्या ठायी पुरेपूर होती, आणि तिची साक्ष महाराष्ट्रातील तांब्याचा बंब देतो. उभ्या, गोल, कल्हई केलेल्या भांड्याच्या मधोमध तळापासून माथ्यापर्यंत आरपार गेलेले धुराडे; त्या धुराड्याच्या तळाशी जाळी, जाळीवर वरून टाकलेल्या ढलप्या, गोवऱ्यांचे तुकडे, कोकणात नारळाची सोडणे व करवंट्या; धुराड्याच्या भोवती सर्व बाजूंनी पाणी; वर थंड पाणी ओतण्याचे तोंड आणि अंगाशी तोटी. तीन दगडांवर ठेवलेल्या हंड्याखाली जाळ केला की त्यातील मोठा भाग बाजूंनी निसटून हवेत जातो. बंबात जाळालाच पाण्याने वेढलेले असते, म्हणून ज्वाला खाली, वर, आडवी कोठेही झेपावली तरी तिची उष्णता तांब्याच्या पत्र्यातून पाण्यातच शिरते. आगगाडीच्या एंजिनाचा बाष्पक ज्या तत्त्वावर बांधलेला असे तेच हे तत्त्व, आणि रशियातील व काश्मीरमधील सामोवारही याच कुळातला. कोकणातील चुलीला जोडून असलेला वैल हाही अशाच विचारातून आलेला आहे: मुख्य भांड्याखालून निसटणारा जाळ आडमार्गाने दुसऱ्या भांड्याखाली नेऊन त्यावर पाणी कोमट ठेवावयाचे, म्हणजे स्वयंपाक चालू असताना स्नानाची निम्मी तयारी परस्पर होऊन जाते. बंबाभोवती जे दस्तूर निर्माण झाले होते तेही तितकेच शहाणपणाचे होते. ज्याने एक बादली ऊन पाणी काढले त्याने तितकेच थंड पाणी वरून ओतावे, म्हणजे निखाऱ्यांत उरलेली धग पुढच्याच्या कामी येते. आणि घरातील सर्वांची स्नाने एकापाठोपाठ उरकावीत, म्हणजे एकदा पेटविलेला बंब पुन्हा पेटवावा लागत नाही. बंबाचा धूर, त्याची राख आणि पहाटे उठून तो पेटविणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांची व फुप्फुसांची झालेली हानी यांचा विसर पडू देऊन त्याचे गोडवे गाणे मला मान्य नाही. तो परत यावा असे कोणी म्हणू नये. परंतु सलग स्नानांचा दस्तूर मात्र गीझरलाही तंतोतंत लागू पडतो, आणि तो आपण उगाच सोडला.

कारण साठवणीच्या गीझरचे दुखणे हेच की तो आतले पाणी तापवून थांबत नाही. ते निवू लागले की पुन्हा तापवितो. तापलेली वस्तू व भोवतालची हवा यांच्या तापमानांत जितका फरक असेल तितक्या वेगाने ती वस्तू निवते, असे न्यूटनने १७०१ साली दाखवून दिले. त्यावरून उघड आहे की ४० अंशांचे पाणी ज्याला हवे त्याने गीझरमधील नियंत्रक ७५ अंशांवर ठेवणे म्हणजे निवण्याचा वेग विनाकारण वाढवून घेणे होय. सुमारे ६० अंश पुरेसे होतात. त्याहून फार खाली मात्र साठवणीचे पाणी दीर्घकाळ ठेवू नये, कारण कोमट व साचलेल्या पाण्यात रोगजंतू वाढण्याचा संभव असतो. १५ लिटरचा गीझर १८ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यावयास पाऊण युनिट वीज लागते, २००० वॉटच्या यंत्राला ते काम साधण्यास बावीस-तेवीस मिनिटे पुरतात, आणि त्या पाण्यात थंड पाणी मिसळले की ४० अंशांचे सुमारे २९ लिटर पाणी हाती येते. ज्याला हा हिशेब माहीत आहे तो स्नानापूर्वी अर्धा तास आधी कळ दाबील आणि शेवटचा मनुष्य न्हाणीघरात शिरताच ती बंद करील. ज्याला तो माहीत नाही त्याच्या घरी गीझरचा तांबडा दिवा दिवसभर मंद जळत राहतो. टाकीभोवतीचे आवरण जितके चांगले तितकी ही गळती कमी. जेम्स ड्यूअरने १८९२ साली दुहेरी भिंतींमधील हवा काढून घेऊन जे भांडे बनविले, ज्यावरून पुढे आपला थर्मास निघाला, तितकी परिपूर्णता गीझरमध्ये येणे शक्य नसले, तरी यंत्रावर चिकटविलेल्या ताऱ्यांच्या पट्टीवर चोवीस तासांत किती वीज केवळ निवण्यापोटी जाते याचा आकडा छापलेला असतो. दुकानात रंगरूप पाहण्याआधी तो आकडा वाचावा. जड पाण्याच्या गावी कांडीवर क्षारांचा जो पांढरा थर बसतो त्याने विजेचा खर्च फारसा वाढत नाही, कारण पाण्यात बुडालेल्या कांडीची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. परंतु थराखाली अडकलेल्या उष्णतेने कांडी आतून जळते, म्हणून दोनतीन वर्षांनी ती साफ करून घेणे किफायतीचे ठरते.

गीझर व न्हाणीघर यांमधील अंतर हीदेखील दुर्लक्षित बाब आहे. सामान्य अर्ध्या इंची नळाच्या एका मीटरात पावणेदोनशे मिलिलिटर पाणी राहते. नळ सहा मीटर लांब असला तर दर वेळी लिटरभर ऊन पाणी नळातच राहून भिंतीला आपली उष्णता देऊन टाकते, आणि हात धुण्यासाठी क्षणभर ऊन पाण्याची तोटी सोडणाऱ्याच्या हाती ते पोहोचतही नाही, पण गीझर मात्र त्याच्या वाट्याचे थंड पाणी आत घेऊन पुन्हा चालू होतो. तोच विचार फवाऱ्याचा. मिनिटाला नऊदहा लिटर पाणी सोडणाऱ्या फवाऱ्याखाली आठ मिनिटे उभे राहिले की पाऊणशे-ऐंशी लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ दोन युनिटे वीज, एका स्नानात जाते. बादली व तांब्या घेऊन बसणाऱ्याचे स्नान तिच्या पाव हिश्श्यात उरकते आणि अंगही तितकेच स्वच्छ होते. मात्र काटकसरीची ही सारी चर्चा करताना ती कोणाच्या वाट्याला येते हेही पाहिले पाहिजे. पुष्कळ घरांत सर्वांच्या मागून नाहणारी गृहिणी उरलेल्या कोमट पाण्यावर भागविते आणि त्यालाच घरातील बचत असे नाव मिळते. तान्हे मूल, बाळंतीण, वृद्ध आणि ही सर्वांत शेवटी नाहणारी व्यक्ती यांच्या पाण्यात एका अंशाचीही कपात करू नये. कपातीसाठी वर सांगितलेल्या वाटा पुरेशा आहेत.

आता देयकाकडे वळू. महावितरणच्या घरगुती ग्राहकाच्या देयकात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा अनेक बाबी असल्या, तरी वीज आकार हा टप्प्याटप्प्याने चढत जातो: पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० त्याहून बऱ्याच चढ्या दराने, ३०१ ते ५०० आणखी चढ्या आणि त्यापुढील सर्वांत महाग. शिडीची ही रचना ध्यानात घेतली म्हणजे समजते की वाचविलेले प्रत्येक युनिट हे सदैव वरच्या पायरीवरचे, म्हणजे सर्वांत महागडे युनिट असते. दिवे, पंखे, शीतकपाट यांवर १०० युनिटे अगोदरच खर्च होत असतील, तर गीझरची युनिटे सगळीच्या सगळी पुढच्या दराने मोजली जातात. सरासरी दर काढून बचतीचा अंदाज करणारा मनुष्य म्हणूनच आपली बचत कमी लेखतो. हिवाळ्यात पंखे बंद असतात, शीतकपाटाच्या आतबाहेरच्या तापमानांतील अंतर उन्हाळ्याच्या मानाने निम्म्यावर येते व त्याचे यंत्रही कमी चालते. या दोन्हींमुळे जी वीज सुटते ती गीझर गुपचूप खाऊन टाकतो आणि एकूण आकडा पाहणाऱ्याला काही बदलले आहे असे वाटतही नाही. यासाठी सकाळी गीझर लावण्यापूर्वी व सर्वांची स्नाने झाल्यावर असे दोन वेळा मीटरचे आकडे टिपून त्यांची वजाबाकी करावी; आठवडाभर अशी रोजकीर्द ठेवली की घराचा ऊन पाण्याचा खर्च स्वतंत्रपणे डोळ्यांपुढे उभा राहतो.

वीज सोडून गॅसवर पाणी तापवावे काय, हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११ हजार किलोकॅलरी उष्णता असते. चांगल्या गॅस-गीझरमध्ये तिच्यापैकी पाच हिश्श्यांतील चार हिस्से पाण्यात उतरतात असे धरले, तर एक किलो गॅस हा साधारणतः दहा युनिटे विजेच्या बरोबरीचा ठरतो, आणि शेगडीवर पातेले ठेवून पाणी तापविल्यास आठ युनिटांच्या. दर बदलत राहतात, परंतु रीत बदलत नाही: सिलिंडरच्या किमतीला १४.२ ने भागून किलोचा भाव काढावा, आणि आपण ज्या टप्प्यात आहोत त्या टप्प्यातील दहा युनिटांच्या खर्चाशी तो ताडून पाहावा. मात्र गॅस-गीझर बंद न्हाणीघरात बसविणे हा प्राणाशी खेळ आहे. अपुऱ्या हवेत गॅस जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावीत असता मनुष्याला केवळ थोडी घेरी आल्यासारखे वाटते. खिडक्या लावून, वाफेत सुखावून स्नान करीत असताना दगावलेल्या माणसांच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ पाण्याचा नळ आत घ्यावा. हे जमत नसेल तर गॅसची बचत सोडून द्यावी. खोली ऊबदार करण्यासाठी दारे लावून कोळशाची शेगडी आत ठेवून झोपणाऱ्याला हीच सूचना, अधिक कळकळीने.

खोलीच्या उबेविषयी वस्तुतः फार लिहिण्याचे कारण नाही. २००० वॉटचा हीटर रोज चार तास चालविला तर महिन्याला २४० युनिटे होतात, म्हणजे चौघांच्या स्नानाच्या चौपट. आणि ही उधळपट्टी अशा मुलुखात, जेथे त्याच दिवशी दुपारी बाहेरची हवा तीस अंशांवर होती. खिडक्या दुपारी सताड उघडून ती हवा आणि दक्षिणेचे ऊन आत घ्यावे व सूर्यास्तापूर्वी तावदाने लावून घ्यावीत. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून तो खोलीत दूरवर शिरतो. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दिवसाची ही उष्णता पोटात साठवून रात्री हळूहळू परत देत. सिमेंटच्या पातळ भिंतींना तेवढा दम नसतो, पण जो असतो त्याचा उपयोग तरी करून घ्यावा. उरलेले काम पांघरुणांनी करावयाचे. पांघरूण स्वतः ऊब देत नाही, त्यात कोंडलेली हवा देहाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे सप्रयोग दाखविणाऱ्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियाच्या सैन्याच्या पोशाखाचा प्रश्न हाताळणारा काउंट रमफर्ड अग्रगण्य होता, आणि उष्णतेवरील संशोधनासाठी १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक रचून दाट धावदोऱ्याने शिवलेली गोधडी आणि लोकरीच्या तंतूंत हवा धरून ठेवणारी धनगरी घोंगडी ही त्याच तत्त्वाची घरगुती रूपे होत. वृद्धांच्या पायांशी गरम पाण्याची पिशवी द्यावयाची झाली, तर तिच्यातील दोन लिटर पाणी तापविण्यास युनिटाचा दहावा हिस्सादेखील लागत नाही.

स्वयंपाकघरात कडधान्ये रात्री भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे, उकळी फुटताच आच कमी करणे हे नियम सर्वश्रुत आहेत, तेव्हा त्यांचा पुनरुच्चार करीत नाही. उकळते पाणी अधिक मोठ्या जाळाने अधिक गरम होत नाही, केवळ अधिक वेगाने वाफ होऊन जाते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

राहता राहिला उष्णता कोठून आणावी हा प्रश्न, आणि त्याचे आपल्या प्रदेशापुरते सर्वोत्तम उत्तर गच्चीवर आहे. जिनिव्हाच्या होरेस द सोस्यूरने १७६७ च्या सुमारास काचेची झाकणे लावलेल्या पेटीत सूर्याची उष्णता कोंडून पाणी उकळण्याच्या तापमानाच्याही वर नेऊन दाखविली होती. आजचा सौर बंब हा तिचाच वंशज. दोन चौरस मीटरांचा, दक्षिणेकडे तोंड करून तिसेक अंशांनी कलता ठेवलेला संग्राहक हिवाळ्यातील स्वच्छ दिवशी शंभर लिटर पाणी ६० अंशांच्या घरात नेतो, म्हणजे रोज पाच युनिटांच्या जवळपास उष्णता विनामूल्य देतो. आणि दख्खनचे आकाश ज्या महिन्यांत सर्वांत निरभ्र असते त्याच महिन्यांत ऊन पाण्याची निकडही सर्वाधिक असते, हा योग फार थोड्या देशांच्या वाट्याला आला आहे. अनेक मजल्यांच्या इमारतीत गच्चीपासून खालच्या घरापर्यंत नळात रात्रभर निवलेले पाणी प्रथम सोडावे लागते, ही तक्रार रास्त आहे. नळांना आवरण घालणे आणि ते पहिले पाणी बादलीत धरून धुण्याभांड्यांस वापरणे हे तिच्यावरील इलाज. ज्यांच्या गच्चीवर जागा नाही त्यांच्यासाठी उष्णतापंप आहे. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, याने १८५२ साली सुचविल्याप्रमाणे हे यंत्र वीज जाळून उष्णता निर्माण करीत नाही, तर शीतकपाटाची क्रिया उलटी फिरवून बाहेरच्या हवेतील उष्णता पाण्यात ओढून आणते, आणि एका युनिटात तिप्पट उष्णता मिळवून देऊ शकते. तेच यंत्र पहाटेऐवजी दुपारी, हवा तिसाव्या अंशावर असताना चालविले आणि पाणी चांगल्या आवरणाच्या टाकीत साठविले, तर त्याची कमाई आणखी वाढते.

सौर बंब व उष्णतापंप यांना आरंभी भांडवल लागते, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची सामाईक असल्याने एकट्या सभासदाच्या इच्छेने ते बसत नाहीत. पुण्यासारख्या महानगरपालिका सौर बंब चालू असलेल्या घरांना मालमत्ताकरात काही सवलत देतात, तिची माहिती प्रभागाच्या कार्यालयात जरूर काढावी. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पहाटे पंप लावण्याची तजवीज, सामाईक नळांचे आवरण आणि सौर बंबाचा खर्च यांचे ठराव त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर आणावेत, कारण दरपत्रके मागविणे, ती ताडून पाहणे आणि गच्चीवर प्रत्यक्ष काम करवून घेणे यांत दोनअडीच महिने सहज जातात, आणि तेवढ्यात मार्गशीर्ष उजाडतो.